स्पूलचं मशीन माळ्यावरून उतरवलंत? प्लग लावायची घाई नको

माळ्यावरून जुनं स्पूलचं मशीन, म्हणजे मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर, खाली येतं, वरची चादर काढली जाते, धूळ झटकली जाते, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "लावून तर बघू, चालतंय का!" नेमकं हेच करायचं नाही. तीस-चाळीस वर्षं वीज न पाहिलेलं मशीन बिघडलेलं असेलच असं नाही, पण ते बिघडवायला दहा सेकंद पुरतात.

आमच्याकडचं मशीन मामाचं. मामा बोटीवर होता. सत्तरच्या दशकात कुठल्याशा बंदरातून त्याने ते आणलं, आणि पुढची काही वर्षं घरातली भजनं, बारशी, एखाददुसरी बैठक, जे कानावर पडेल ते त्यावर भरत राहिला. मग कॅसेट आली आणि मशीन माळ्यावर गेलं. ते पुन्हा चालू करताना मी ज्या क्रमाने चुकलो, त्याच्या बरोबर उलटा क्रम इथे सांगतोय.

आधी प्लग का नको ते बघू. मशीनच्या आत दंडगोल कंडेन्सर असतात. त्यांत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि वीज अडवून धरायचं काम तोच करतो. कंडेन्सर वापरात असला की हा थर टिकतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की झिरपायला लागतो. अशा कंडेन्सरला एकदम विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) दिला तर तो तापतो, फुगतो, कधी फुटतोही. दुसरा धोका मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, तारांवर लावलेल्या कागदी कंडेन्सरांचा. रिफा या नावाचे, पिवळसर पारदर्शक कवचातले कंडेन्सर त्या काळच्या युरोपियन मशीनमध्ये सर्रास असत. रेव्हॉक्स ए७७ हे तसलंच एक मशीन उघडणारा प्रत्येक जण ते आधी शोधतो. कवचाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि प्लग लावल्यावर काही मिनिटांत 'फट्' करून खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हे तडे काय करत असतील, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट साधी आहे, पण तीच जास्त वेळा नडते. परदेशातून आलेल्या बऱ्याच मशीनच्या पाठीमागे दाब निवडायची चकती असते: ११०, १२०, २२०, २४०. ती कुठे आहे हे न बघता आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत प्लग खुपसला, आणि चकती ११० वर असली, की गोष्ट तिथेच संपली.

म्हणून पहिल्यांदा वीज द्यायची ती सीरिज दिव्यातून. कुठल्याही जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर हा बोर्ड असायचाच. एक होल्डर, त्यात ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, आणि त्या बल्बमधूनच वीज पुढे मशीनकडे जाणार. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा मार स्वतःवर घेतो. आतलं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. इथे एलईडी बल्ब चालत नाही. तापून विजेला अडवणारी तारच हवी. मशीन व्हॉल्व्हचं असेल तर मात्र हा उद्योग घरी करू नका. त्यात अडीचशे व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ दबा धरून बसलेला असतो. ते मशीन जाणत्या माणसाकडे न्यावं. ट्रान्झिस्टरच्या मशीनमध्येसुद्धा प्लग काढल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मगच आत हात घालावा.

आता मशीन चालतं कसं ते समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं नुसती कृती होऊन बसेल.

टेप म्हणजे सव्वासहा मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची फीत, एका अंगाला लोहाच्या ऑक्साइडची तपकिरी भुकटी चिकटवलेली. डावीकडच्या स्पूलवरून ती निघते, तीन हेडांवरून सरकते आणि उजवीकडच्या स्पूलवर गुंडाळली जाते. पहिलं हेड पुसतं, दुसरं भरतं, तिसरं वाचतं. स्वस्त मशीनमध्ये भरणं आणि वाचणं एकच हेड करतं. बघणाऱ्याला वाटतं, उजवा स्पूल टेप ओढतोय. तसं असतं तर घोटाळा झाला असता. स्पूल भरत जातो तसा त्याचा घेर वाढतो, म्हणजे टेपचा वेग वाढत गेला असता आणि भैरवीपर्यंत गवयाचा आवाज भलतीकडेच गेला असता. खरं ओढायचं काम करतो कॅपस्टन, म्हणजे सतत एकाच वेगाने फिरणारा गुळगुळीत पोलादी दांडा. रबराचा पिंच रोलर टेपला त्या दांड्यावर दाबून धरतो. रसवंतीच्या चरकात ऊस दोन रुळांत सापडतो तशी टेप इथे सापडते आणि पुढे सरकते. स्पूल फक्त मागून सोडतात आणि पुढून गोळा करतात.

अकाई ४००० डीएस या लोकप्रिय मशीनमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. त्याचा वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरवरून एकोणीसवर न्यायचा तर कॅपस्टनच्या दांड्यावर एक छोटी धातूची नळी बसवायची. फिरण्याचा वेग तोच, पण दांडा जाड झाल्यामुळे एका फेऱ्यात दुप्पट टेप पुढे जाते. ही नळी करंगळीच्या पेराएवढी असते आणि जुन्या मशीनसोबत ती बहुधा हरवलेलीच असते. विकत घ्यायला गेलात तर आधी तीच मागा.

हे एकदा डोक्यात बसलं की दुरुस्तीचा अर्धा भाग आपोआप उलगडतो. दांड्यावर घाणीचा एक कण चिकटला की तिथे तो जाड झाला, म्हणून दर फेऱ्याला सूर हेलकावणार. रबर कडक झालं की टेप निसटणार. मोटरची फिरकी पुढे नेणारा रबरी पट्टा सैल पडला की सगळंच डुलणार. माळ्यावरून आलेल्या दहा मशीनमध्ये आठांचं दुखणं रबराचं आणि ग्रीसचं असतं, असं माझं मत झालंय. लोक मात्र थेट सोल्डर गन हातात घेतात.

तर रबरापासून सुरुवात. जुने पट्टे दोन प्रकारे मरतात. काही कडक होऊन तुटतात, काही वितळतात. वितळलेला पट्टा म्हणजे अक्षरशः काकवी, फक्त काळी आणि बोटाला लागली की चार दिवस न जाणारी. हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने मोटरची कप्पी आणि फ्लायव्हील, म्हणजे कॅपस्टनचं जड चाक, पुसत बसा. एक दुपार जाते. घाई केली तर तेच डांबर नव्या पट्ट्याला लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे अल्कोहोल शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या. हँड सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, वर हात मऊ ठेवायला घातलेले पदार्थही. ते हेडाला लावायचं काम नाही.

नवा पट्टा केवढा हवा? वितळलेला मोजता येत नाही आणि ताणून सैल पडलेला मोजून उपयोग नाही. सगळ्या कप्प्यांवरून दोरा फिरवा, दोऱ्याची लांबी मोजा आणि त्यातून पाच टक्के कमी करा. पट्ट्याला तेवढा ताण पुरतो. जाडी आणि छेद, म्हणजे चपटा की चौकोनी, हे मात्र मूळ पट्ट्यासारखंच हवं. मॉडेलचा नंबर टाकला तर बहुतेक मशीनचे पट्टे ऑनलाइन मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फेरी मारायला हरकत नाही, पण तिथे पट्टा मिळेलच असं गृहीत धरू नका. आयसोप्रोपिल, कॉन्टॅक्ट क्लीनर, कंडेन्सर हे सामान तिथे हाताला लागतं, शिवाय दोन जुन्या जाणत्यांशी गप्पा होतात.

पिंच रोलरला मी अल्कोहोल लावत नाही; वारंवार लावलं तर रबर सुकतं. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि कोरडं फडकं. रोलर काचेसारखा चकचकीत दिसत असेल किंवा नखाने दाबल्यावर जराही दबत नसेल तर तो गेला. त्यावर पॉलिश पेपर घासून काही दिवस निघतात, पण हाताने घासलेला रोलर कधीच नीट गोल राहत नाही आणि त्याचा लंगडेपणा लांबलेल्या सुरात लगेच ऐकू येतो. मामाच्या मशीनवर मी तो प्रयोग केला आहे. तंबोरा सर्दी झाल्यासारखा वाजत होता.

ग्रीसचं दुखणं असं की पन्नास वर्षांनी ते मेण होतं. प्लेची कळ दाबल्यावर परत येत नाही, पॉज अडकतो, रोलर दांड्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी कळ जोरात दाबायची नसते. सर्क्लिप (पट्टी जागेवर धरणारी छोटी कडी) काढा, पट्टी सोडवा, जुनं ग्रीस अल्कोहोलने साफ करा आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचं अगदी थोडं बोट लावा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा; स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे अर्ध्या तासाने कुणालाही आठवत नाही. मोटर आणि फ्लायव्हील ज्या सच्छिद्र काशाच्या बुशांत फिरतात त्यांना हलक्या मशीन तेलाचे एक-दोन थेंब पुरे. गंज सोडवायचा स्प्रे वापरू नका. तो आतलं उरलंसुरलं तेल धुऊन काढतो, आठवडाभर मशीन छान चालतं आणि मग किंचाळायला लागतं. आणि रबराला तेल लागू देऊ नका, हे दोनदा सांगितलं तरी कमीच.

हेड साफ करणं सोपं आहे. अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअर बड फिरवत राहायचा, तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर हेडावर टेपने पाडलेली खाच नखाला लागते का पाहा. उथळ पट्टा दिसला तर चालेल. नख अडकेल अशी पायरी झाली असेल तर आवाजातली धार गेलेली असते. हेडांची चुंबकता काढायचं एक छोटं यंत्र मिळतं. ते मशीनपासून लांब धरून चालू करायचं, हेडांपाशी सावकाश फिरवायचं, हातभर लांब नेऊन मगच बंद करायचं. हेडाजवळच बंद केलं तर होती त्यापेक्षा जास्त चुंबकता तुम्हीच भरलीत. त्या वेळी मशीन बंद हवं आणि टेपा दुसऱ्या खोलीत.

आता अझिमथ. नाव बोजड आहे, गोष्ट साधी आहे. वाचणाऱ्या हेडात एक उभी फट असते, केसापेक्षा कितीतरी बारीक, काही मायक्रॉनची. टेपवरची चुंबकाची रेघ आणि ही फट अगदी समांतर असायला हव्यात. सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर वेगाने भरलेल्या टेपवर दहा हजार हर्ट्झच्या सुराची एक लाट फक्त एकोणीस मायक्रॉन लांब असते. हेड जराही तिरकं झालं की फट एकाच वेळी लाटेचा चढ आणि उतार दोन्ही वाचते, ते एकमेकांना खोडतात आणि झांजा, घुंगरू, तबल्याची चाट सगळं गोणपाटाखाली गेल्यासारखं होतं. हेडाच्या बाजूला एक स्क्रू यासाठीच असतो. तो हलवण्याआधी त्याच्या डोक्यावर आणि बाजूला मार्करने खूण करा. मग टेप लावून, दोन्ही चॅनेल एकत्र करून, एकेका अंशाने फिरवत आवाज सर्वांत धारदार कुठे होतो ते ऐका. जुनी टेप ज्या मशीनवर भरली त्याचं हेड जसं तिरकं होतं तसंच आपलं करायचं असतं, त्यामुळे हे काम दर टेपला नव्याने करावं लागतं. हेडाच्या बाकीच्या स्क्रूंना हात लावू नका.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मी मुद्दाम कमी लिहितोय. एक चॅनेल गायब, खरखर, मधेच आवाज जाणं, यातलं पुष्कळसं फक्त काळवंडलेल्या संपर्कांमुळे होतं. रेकॉर्ड आणि प्ले यांत अदलाबदल करणारा एक लांबट सरकता स्विच असतो, त्यात डझनावारी संपर्क. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि तीस-चाळीस वेळा मागेपुढे करा. एवढ्यावर बरीच मशीन बोलायला लागतात. त्यानंतरही सूंसूं किंवा कडकड येत असेल तर त्या काळच्या जपानी मशीनमधले २एससी४५८ हे ट्रान्झिस्टर पाहावेत. त्यांचे पाय काळे पडलेले असतात. कंडेन्सर बदलायचे तर एकेक बदला, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, उणे बाजू जिथल्या तिथे. एका बैठकीत चाळीस बदलले आणि मशीन मुकं झालं, तर सोल्डरच्या कुठल्या डागात चूक झाली ते शोधायला आठवडा जातो.

बोर्डावरचे छोटे प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचे भाग, बघून हात शिवशिवतात. त्यांतले बरेच बायसचे असतात. चाळणीत पीठ घातलं म्हणून ते आपोआप खाली पडत नाही, चाळणी हलवत राहावी लागते. टेपवरची लोहाची भुकटीही तशीच आळशी. नुसता आवाजाचा करंट दिला तर ती दाद देत नाही आणि बारीक आवाज वेडेवाकडे उमटतात. म्हणून आवाजासोबत, कानाला ऐकू न येणारा, दहा हजारांच्या कित्येक पट हर्ट्झचा करंट देऊन तिला सतत हलतं ठेवायचं. हाच बायस. १९४० मध्ये जर्मन रेडिओतल्या वॉल्टर वेबरच्या हे लक्षात आलं ते एका बिघडून आपोआप गुणगुणायला लागलेल्या अॅम्प्लिफायरमुळे. टेपचा आवाज ग्रामोफोनच्या पुढे गेला तो तिथपासून. पण बायस लागतो भरताना. तुम्हाला जुन्या टेपा फक्त ऐकायच्या असतील तर त्या प्रीसेटना हात लावायची गरजच नाही. उलट रेकॉर्डच्या कळीवर आजच चिकटपट्टी लावा.

आणि आता टेपा. मशीन पुन्हा मिळेल, दुसरं घेता येईल. टेप एकच असते. म्हणून दुरुस्त मशीनवर पहिली टेप कधीही घरच्या आवाजाची लावू नये. फेकून द्यायची एखादी रद्दी टेप तासभर चालवा, मागेपुढे पळवा, ब्रेक बघा. ती चुरगळली नाही तर पुढचा विचार.

टेपेचा रीळ दिव्यासमोर आडवा धरून बघा. कडेने उजेड आरपार दिसला तर ती जुनी ॲसिटेटची टेप. ती ठिसूळ असते, कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काळी, अपारदर्शक दिसली तर पॉलिएस्टरची; ती तुटायच्या आधी ताणली जाते. ॲसिटेट तुटलेली परवडते, कारण ती सरळ तुटते आणि सांधता येते. सांधायला खास सांध्याची पट्टीच घ्या. सेलोटेपचा गोंद बाजूने पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो.

खरा त्रास देतात सत्तरच्या मध्यापासून पुढे बनलेल्या, पाठीवर काळा मॅट लेप असलेल्या काही टेपा. ॲम्पेक्स ४५६ आणि ४०६ ही त्यातली बदनाम नावं. स्टुडिओत त्याच वापरत. भुकटी धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतला ओलावा शोषतं आणि चिकट होतं. टेप हेडावर किंचाळते, तपकिरी चिखल सोडते आणि थांबते. किंचाळी ऐकू आली की त्याच क्षणी बंद करा, पुढे रेटलं तर आवाजच खरवडला जातो. अशी टेप साधारण ५४ अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत आठ तास किंवा जास्त ठेवली की काही आठवडे वाजण्याजोगी होते, तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. त्यासाठी भाज्या सुकवायचं डिहायड्रेटर वापरतात. स्वयंपाकघरातला ओव्हन नको, त्याचं तापमान वरखाली होतं. ॲसिटेट टेप चुकूनही भाजायची नाही. घरोघरी असलेल्या बीएएसएफ किंवा आग्फाच्या, पाठीवर लेप नसलेल्या टेपांना बहुधा यातलं काहीच लागत नाही. त्यांना आपल्याकडे लागते ती बुरशी. पांढरे ठिपके दिसले तर ती टेप मशीनवर चढवूच नका. आधी तोंडाला मास्क लावून, गच्चीत, कोरड्या मऊ कापडातून हळूहळू गुंडाळून घ्या.

राहिला वेग, आणि त्याची गोष्ट सांगायलाच हवी. साध्या मोटरचा वेग मेन्सच्या हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झच्या देशासाठी जुळवलेलं मशीन आपल्या ५० वर सहापैकी पाच हिश्श्यांनीच फिरतं. सूर तीन अर्धस्वर आणि थोडा जास्तच उतरतो: काळी एकचा गवई खालच्या काळी पाचला गातो. रेव्हॉक्स ए७७ सारख्या मशीनमध्ये कॅपस्टनचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने राखलेला असल्याने त्यांना हा त्रास नाही. बाकी बऱ्याच मशीनमध्ये मोटरवर दोन घेरांची कप्पी असते, पट्टा मोठ्या घेरावर चढवला की ५० हर्ट्झला जुळतं. मामाच्या मशीनचा पट्टा लहान घेरावर होता. मी तो मोठ्या शहाणपणाने मोठ्या घेरावर नेला, बाजारातून आणलेली भरलेली टेप लावून खात्री केली, आणि मग घरच्या टेपा लावल्या. सगळं घर चिपळ्यांसकट धावत सुटलं होतं.

मशीन बरोबर झालं होतं, म्हणूनच टेपा चुकीच्या वाजत होत्या. मामाने त्या सगळ्या हळू चालणाऱ्या मशीनवर भरल्या होत्या आणि त्याच मशीनवर ऐकल्या होत्या, त्यामुळे त्याला कधी कळलंच नाही.

आता किती हळू करायचं? गायक कुठल्या पट्टीत गात होता हे कुणाला आठवत नव्हतं. पण त्या टेपांत मागे एक बारीक घरघर होती, भरताना माइकच्या तारेतून शिरलेली मेन्सची. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची असायलाच हवी. टेप थांबवूनही चालू राहते ती घरघर आपल्या मशीनची. टेपेबरोबर थांबते ती टेपेवरची. कॉम्प्युटरवर फाइल घेऊन स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठले हर्ट्झ किती आहेत त्याचा आलेख, बघितला, तर टेपेवरची घरघर ६० वर उभी होती. सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी करत ती ५० वर आणली. चिपळ्या ठेक्यात आल्या, पेटी जडावली, आणि प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला तारीख सांगणारा जो कोवळा आवाज आम्ही दोन दिवस आतेभावाचा म्हणून ऐकत होतो, तो मामाचा निघाला.